ताई, रोझेटमधला निळा रंग तुमचा

ताई, सप्रेम नमस्कार.

रोझेट तेजोमेघाचा फोटो अखेर पूर्ण झाला. तुम्हाला तो पाठवलाच आहे, पण आभार चारचौघांत मानायचे होते, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझं चित्र नुसतं हिरवंगार होतं. सल्फर लाल, हायड्रोजन हिरवा, ऑक्सिजन निळा ही हबल दुर्बिणीच्या चित्रांची रंगयोजना मी जशीच्या तशी लावली होती आणि एच-अल्फाच्या, म्हणजे हायड्रोजनच्या प्रकाशाच्या, जोरापुढे बाकी दोघांचा टिकाव लागत नव्हता. दोन महिने सॉफ्टवेअरमधले स्लायडर ओढत बसलो होतो. तुम्ही मात्र ते चित्र बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "ओ-थ्रीची एक कच्ची फ्रेम पाठव." (ओ-थ्री म्हणजे ऑक्सिजनचा प्रकाश.)

300 सेकंदांची ती फ्रेम तुम्ही स्ट्रेच करून, म्हणजे अंधुक भाग उजळून, दाखवलीत. करड्या धुरकटात तारे, कोपऱ्यात कॅमेऱ्यातल्या धुळीचं एक कडं, तेजोमेघाचा पत्ताच नाही. मग तारीख विचारलीत. पौर्णिमेच्या आदली रात्र! नॅरोबँड, म्हणजे प्रकाशाचा एकच अरुंद पट्टा आत सोडणारा, फिल्टर असला की चंद्राची चिंता नाही, असं मी धरून चाललो होतो. 656.3 नॅनोमीटरच्या एच-अल्फाला ते बरंचसं लागू पडतं. ओ-थ्रीची रेषा मात्र 500.7 वर, निळ्या-हिरव्यात, आणि आकाशात विखुरलेला चंद्रप्रकाश तिथे कितीतरी जास्त. हे तुम्ही फोनवर तासभर, अजिबात न कंटाळता समजावलंत.

त्यानंतर चांदण्यात एच-अल्फा आणि अंधाऱ्या रात्री फक्त ओ-थ्री, असा क्रम लावला. फिल्टर बदलला की फोकस नव्याने, प्रत्येक फिल्टरचे फ्लॅट (डाग काढायला घेतलेले एकसारख्या उजेडाचे फोटो) वेगळे; ते धुळीचं कडं फ्लॅटनेच गेलं. एच-अल्फा 4 तास, एस-टू (सल्फर) 6, ओ-थ्री तब्बल 11. मधेच माझा धीर सुटला, तेव्हा तुम्ही खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांची गोष्ट सांगितलीत. 1864 मध्ये त्यांना तेजोमेघाच्या वर्णपटात दिसलेली हीच ओ-थ्रीची रेषा 'नेब्युलियम' नावाच्या नव्या मूलद्रव्याची मानली गेली. ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे, हे भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेननी 1927 मध्ये दाखवलं. "नुसती ओळख पटायला 63 वर्षं गेली, तुला चार अमावास्या जड होतात?" हे तुमचं वाक्य मी दुर्बिणीच्या माउंटजवळ चिकटवून ठेवलं आहे.

परवा पहाटे स्टॅकिंग (सगळ्या फ्रेम एकत्र जोडणं) संपलं. मधल्या पोकळीत, त्या तरुण ताऱ्यांच्या गुच्छाभोवती, निळा रंग हलकेच उमटला होता. कडेला सोनेरी झाक, आणि त्यावर तेजोमेघातल्याच काळ्या धुळीचे बारीक ठिपके. ते ठिपके मी आधी सेन्सरवरची घाण समजून पुसणार होतो. तुम्ही थांबवलंत.

तुमचा ऋणी,
एक विद्यार्थी