अण्णांविषयी, तुझ्या प्रश्नाच्या निमित्ताने

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

वर्तमानपत्रात आलेल्या अण्णांच्या निधनवार्तेचे कात्रण तुला पाठवले होते. "माजी सैनिक, टूल डिझायनर व कीर्तनकार" एवढी ओळख आणि शेवटी "त्यांच्या पश्चात पत्नी, कन्या, जावई व नात असा परिवार आहे" हे नेहमीचे वाक्य. ते वाचून तू विचारलेस की यांतले खरे आजोबा कोणते. फोनवर मला नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र. मला स्वतःला अण्णांच्या तिन्ही कामांत एकच सवय दिसते. आपल्यामागून येणाऱ्याचा हात किंवा पाय कुठे पडणार आहे, याचा विचार ते स्वतःच्या आधी करत.

ते खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात, ड्राफ्ट्समन (नकाशे-आराखडे काढणारा) म्हणून भरती झाले. पण ट्रेड, म्हणजे नेमून दिलेले काम, कोणताही असला तरी सॅपरला आधी लढाईतले काम यावे लागते, पट्टी आणि पेन्सिल त्यानंतर. रामा राघोबा राणे यांनी एप्रिल 1948 मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे जखमी अवस्थेत दूर केले आणि परमवीर चक्र मिळवले, ते याच पलटणीचे. त्यांचे नाव अण्णा नेहमी आदराने घेत; स्वतःविषयी मात्र फारसे बोलत नसत. डिसेंबर 1971 च्या युद्धात ते शकरगडच्या बाजूला होते. तिथे पाकिस्तानी सैन्याने पेरलेल्या सुरुंगांच्या पट्ट्यांतून रणगाड्यांना वाट करून देणे हे सॅपर्सचे काम होते. एकदा मी फारच मागे लागले, तेव्हा त्यांनी मला अंगणात विणकामाची सुई घेऊन दाखवले की सुरुंग शोधायची सळई जमिनीत उभी कधीच खुपसायची नाही. सुरुंग वरून पडलेल्या दाबाने उडतो, म्हणून सळई तिरपी सरकवायची, म्हणजे ती त्याच्या कडेला जाऊन टेकते. मग बोटांनी माती बाजूला करायची, खूण करायची आणि मोकळ्या झालेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत ताणत जायचे. सुरुंगांपेक्षा ते त्या फितीविषयीच अधिक बोलले. अंधारात मागून येणाऱ्या माणसाला आपण कोण, कुठले, हे काहीच ठाऊक नसते, त्याचा सगळा विश्वास त्या फितीवर असतो आणि ती वीतभर जरी सरकली तरी आपले आधीचे काम वाया गेले, असे त्यांचे म्हणणे होते.

1979 मध्ये निवृत्त होऊन ते पिंपरीच्या एका कारखान्यात लागले आणि पुढची पंचवीस वर्षे त्यांनी जिग आणि फिक्श्चर यांची डिझाइन्स केली. यंत्रावर जॉब, म्हणजे घडवायचा भाग, पक्का धरून ठेवणारे साधन म्हणजे फिक्श्चर; जिग त्याशिवाय हत्याराला नेमकी वाटही दाखवतो. त्याचा मूळ नियम असा, की तळाला तीन, बाजूला दोन आणि टोकाला एक, असे सहा टेकू दिले आणि वरून क्लॅम्पने दाबले, की जॉब हलत नाही. पण हे पुस्तकातले झाले. अण्णांची खासियत मी लहानपणी एका रविवारी त्यांच्यासोबत कारखान्यात गेले तेव्हा पाहिली. बोर्डावर ड्रॉइंग मूळ मापात काढलेले होते आणि ते स्वतःचा पंजा कागदावर ठेवून, क्लॅम्प आणि कटर यांच्यामध्ये बोटे मावतात का, पाना पुरता फिरतो का, हे पाहत होते. जॉब उलटा बसूच नये म्हणून ते एका कोपऱ्यात मुद्दाम जादा पिन देत. तिसऱ्या पाळीत डोळ्यांवर झोप असलेला ऑपरेटर चुकणारच, त्याला दोष देण्यात अर्थ नाही, हे त्यांचे ठाम मत होते. पुढे संगणक आला, तेव्हा पन्नाशीच्या आसपास असूनही ते ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायची प्रणाली, शिकले. फक्त पडद्यावर हात ठेवून पाहता येत नाही, ही तक्रार त्यांनी शेवटपर्यंत केली. ती मला रास्त वाटते.

कीर्तन ते सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात ऐकत ऐकत शिकले. परंपरा नारदीय, म्हणजे पूर्वरंगात अभंगाचे निरूपण, मध्ये नामाचा गजर आणि उत्तररंगात आख्यान. माजी सैनिक बुवा म्हटल्यावर लोक युद्धकथेच्या अपेक्षेने येत आणि अण्णा तुकोबांचा "रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग" हा अभंग घेऊन 1971 चा उल्लेखही न करता केवळ मनाविषयी बोलत. काही जण हिरमुसले होऊन परतत. कामगार वस्तीतल्या गणेशोत्सवात मात्र ते षड्रिपूंची सांगड फिक्श्चरच्या सहा टेकूंशी घालत. मला ती जरा ओढूनताणून आणलेली वाटे, पण समोरचे टर्नर आणि फिटर टाळ्या वाजवत. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो की नाही हे पाहायला ते आधी स्वतः तिथे जाऊन बसत आणि तबलजीला ठेका धरायला सांगत.

आता घरातले. जिथे कीर्तन करायचे तिथे जेवायचे नाही, हा तुकोबांचा दंडक अण्णा काटेकोर पाळत, त्यामुळे रात्री अकराला घरी आल्यावर आजी पुन्हा चूल पेटवून पिठले टाकी. काही वर्षे तिने हे केले आणि मग एके रात्री शांतपणे म्हणाली, "व्रत तुमचं आणि उजवायचं मी?" अण्णा निरुत्तर झाले. त्यानंतर कीर्तनाहून आले की ते स्वतः मुगाची खिचडी लावत. ती नेहमी थोडी करपलेली असे, तरी मी जागी राहून त्यांच्यासोबत खात असे. सगळ्यांची बोटे वाचवणाऱ्या माणसाला घरातली एक बाई इतकी वर्षे दिसली नव्हती, हेही तुला ठाऊक असावे.

पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही 1971 च्या युद्धाची पदके आजीच्या कपाटात आहेत. ड्रॉइंग्ज कंपनीच्या मालकीची, त्यामुळे तेवढ्या वर्षांच्या कामातला एकही कागद घरी नाही. कंपासपेटी तेवढी आहे, ती तुझी. कीर्तनाच्या वह्या मात्र बऱ्याच आहेत. प्रत्येक आख्यानाच्या पहिल्या पानावर खाली उजवीकडे चौकट आखून त्यात तारीख आणि आवृत्ती अ, ब, क अशी नोंद केलेली आहे, अगदी ड्रॉइंगवर करतात तशी, आणि समासात कुठे किती मिनिटे हे लिहिले आहे. त्या नारद मंदिरात द्याव्यात असे तुझ्या बाबांचे म्हणणे आहे; मला त्याआधी त्यांची प्रत काढून ठेवायची आहे. दिवाळीला आलीस की हे काम आपण दोघी करू. काही ठिकाणी अक्षर मला लागत नाही, आजीला लागते, तेव्हा तिच्याजवळ बसूनच वाचावे लागेल.

तुझी,
आई