आपल्या उन्हात ॲक्सोलॉटल, अन् तोही नदीतल्या माशांसोबत?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

हल्ली आपल्या जळगाव-भुसावळकडे पोरं रील बघून तो गुलाबी ॲक्सोलॉटल मागायला लागलीत. घरात टाकी आधीचीच असते, त्यात गिरणेतून नाहीतर वाघूरमधून आणलेले टिकटो बार्ब नावाचे छोटे मासे, शिंगाळ्याची पिल्लं, मग पप्पा म्हणतात सोड त्यातच, वेगळी टाकी कशाला.

अहो हा सॅलमँडर, म्हणजे बेडकाच्या जातकुळीतला शेपटीवाला प्राणी, मूळचा मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को तलावाचा. त्याला १६ ते १८ डिग्री पाणी लागतं, २४ च्या वर गेलं की खाणं सोडतो, डोक्याबाहेर असलेले कल्ले पुढं वळतात, अंगावर कापसासारखी बुरशी धरते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, घरातल्या टाकीचं पाणीही तिशीपार जातं. रावेर-सावद्याकडे केळी पिकवायच्या चेंबरमधे जेवढा गारवा ठेवतात ना, साधारण तेवढा याला बारा महिने पाहिजे. चिलर (पाणी गार करायचं यंत्र) घेतला तरी दुपारी लाईट गेली की बोंबला. आणि समजा ठेवलंच पाणी तेवढं गार, तर आपले मासे गारठून मंदावू शकतात, म्हणजे एकाचं भलं केलं की दुसऱ्याचे हाल.

बरं, तोंडात मावेल ते हा पाण्यासकट ओढून गिळतो, बार्ब तर सरळ जातोच पण शिंगाळ्याच्या पाठीवर अन् दोन्ही बाजूंना काटे असतात, ते घशात अडकले की संपलं. उलट मासे त्याच्या कल्ल्यांच्या झालरी किडे समजून कुरतडतात. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, "भाऊ, परत उगवतात." उगवतात, खरंय, पाय तुटला तरी उगवतो, पण गार स्वच्छ पाण्यात. गरम पाण्यात जखमेवर आधी बुरशीच येते. शिवाय नदीतला मासा सोबत काय काय परजीवी घेऊन येतो ते वेगळंच.

अजून एक, ॲक्सोलॉटल सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, २०२४ च्या नियमांप्रमाणे पाळणाऱ्याने परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करायची असते. इथं साधी पावती मिळायची मारामार, नोंदणीचं कोण सांगतो! (दार्जिलिंग-सिक्कीमकडचा आपला देशी सॅलमँडर तर वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो मागूच नका.)

कंटाळा आला म्हणून कोणी ॲक्सोलॉटल नाल्यात सोडू नये, तो उन्हात मरेल पण त्याच्या अंगावरचा रोग आपल्या बेडकांना लागू शकतो.

दुकानदारांनी टाकीवर किंमत लिहितात तसं पाण्याचं तापमान अन् नोंदणीचंही लिहावं, एवढंच म्हणणं आहे. हौसच असेल तर नुसते टिकटो बार्ब अन् रासबोरा ठेवा, आपल्याकडचेच आहेत, उन्हाळा काढतात. फक्त टाकीवर जाळी टाका, रासबोरा उड्या मारतो.

आपला एक वाचक, भुसावळ