नाव न सांगता गेलेल्या ताईंचे आभार

वस्तीतल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणी शिबिरात तुम्ही दिवसभर राबलात आणि नाव न सांगताच गेलात. म्हणून हे जाहीर आभार.

आधी दारोदार फिरलेल्या ताईंचे. "मला काही होत नाहीये, मग कशाला?" हे दर दारात ऐकूनही तुम्ही चिडला नाहीत. उंबऱ्यावर टेकून समजावलंत की गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी एचपीव्ही विषाणूमुळे होतो, व्हायला वर्षानुवर्षं लागतात, आणि त्रास सुरू होण्याआधीच तो गाठायचा असतो. रोजंदारी बुडाली की चूल अडते, हे तुम्हाला सांगावं लागलं नाही. तपासणी संध्याकाळपर्यंत चालू ठेवलीत.

आणि पडद्याआडच्या सिस्टर. माझ्या जावेचे पाय थरथरत होते. तुम्ही हात थांबवलात, कापूस दाखवलात, पातळ केलेलं अॅसेटिक अॅसिड, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, दाखवलंत. ते गर्भाशयमुखाला लावून एक मिनिट थांबायचं, पांढरा डाग उमटला तर पुढचं बघू. "तुम्ही हो म्हणाल तेव्हाच," म्हणालात. इतक्या आदराने तिच्याशी क्वचितच कुणी बोललं असेल. डाग उमटला. हा कर्करोग नाही, त्याच्या आधीची पायरी आहे, हे तुम्ही तिला तीनदा सांगितलंत, आणि त्याच दिवशी त्या भागाला उष्णता देऊन उपचारही केलेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत ७० टक्के बायकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलंय. ते असल्याच हातांनी गाठलं जाईल.

बाहेर तिचं तान्हं सांभाळणाऱ्या मावशी, तुमचेही आभार.

वर्षभराने फेरतपासणी आहे. ती तारीख जावेने दारामागे खडूने लिहून ठेवलीय.