जाळण्यापेक्षा दुरुस्ती घातक

संपादक महोदय,

ज्ञानावरच्या सरकारी पहाऱ्याची कादंबरी म्हटली की पुस्तकांची होळी आठवते. मला दुरुस्ती जास्त घातक वाटते. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मध्ये (१९४९) सरकारी नोकर विन्स्टन वर्तमानपत्राच्या जुन्या अंकातले ‘चॉकलेटच्या वाटपात कपात नाही’ हे आश्वासन काढून तिथे कपातीचा इशारा घालतो. अंक पुन्हा छापला जातो, मूळ प्रत नष्ट होते, फायलीत दुरुस्त अंक लागतो. पुढे वाटप ३० ग्रॅमवरून २० वर येते, तरी ते ‘वाढवल्याबद्दल’ आभाराचे मोर्चे निघतात! पडताळायला कागदच उरलेला नसतो.

पुस्तके जाळणाऱ्या राजवटीवरच्या रे ब्रॅडबरीच्या ‘फॅरेनहाइट ४५१’मध्ये (१९५३) तर लोक आधी स्वतःच वाचन सोडतात, बंदी नंतर येते. याच कादंबरीच्या १९६७च्या शालेय आवृत्तीत प्रकाशकाने लेखकाला न सांगता सुमारे ७५ ठिकाणी फेरफार केले. पुढे काही वर्षे बाजारातही तीच प्रत विकली गेली. ब्रॅडबरींनी लिहिले आहे की हे त्यांना विद्यार्थ्यांकडून कळले. असा फरक पडताळायला जुनी प्रत शेजारी लागते.

म्हणून नवी आवृत्ती आली की ग्रंथालयांनी जुनी रद्दीत काढू नये. निदान एक प्रत मुद्रणवर्षाच्या नोंदीसह राखावी. ई-पुस्तकांत मजकूर परस्पर बदलता येतो, तिथे तर छापील प्रत हवीच.

– एक वाचक