तुझं पान मी भिजवलं

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो. राखीला आली होती तेव्हा तू ती झेंटँगलची वही, काळ्या पेननं बारीक नक्षी भरायची, कपाटावर विसरून गेली. ती मी उघडली, आणि एका पानात रंगही भरला. तेच पान, कमळासारखं गोल, आत जाळी, लाटा, तांदळाएवढे ठिपके. तू आईला म्हणत होती ना, काळं-पांढरं काढून कंटाळा आला, रंग टाकावा वाटतो. मला वाटलं, इतकी वर्षं तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवतो, एक कागद काय जड आहे!

ओल्या कुंचीनं लाल लावला अन् पाकळीची काळी रेघ सुटली. लालाचा चिखल झाला. आई म्हणे, "वहीत वखर घातला तुम्ही."

मग दोन दिवस तेच डोक्यात. नंदीला आधी खडूच्या भुकटीचं अस्तर, त्यावर पिवळा, लाल, आणि काळी रेघ सगळ्यात शेवटी, डोळ्यासकट. तुझं उलटं, रेघ आधी आणि रंग मागून. म्हणजे रेघेला पाणी सोसलं पाहिजे. हे पान तू साध्या जेल पेननं काढलं होतं. शेवटच्या पानावर त्याची एक रेघ मारली, शेजारी तुझ्या त्या पक्क्या शाईच्या पिग्मा मायक्रॉन पेनची, आणि वाळल्यावर ओलं बोट फिरवलं. जेलची पसरली, मायक्रॉनची जागची हलली नाही. एवढी पाव मिलिमीटरची रेघ, पण पक्की. जेलच वापरायचा असेल तर रंग आधी दे, पूर्ण वाळू दे, मग नक्षी काढ. श्रावणात कागद लवकर वाळत नाही, घाई करू नको.

मग चांगल्या पानांच्या चार झेरॉक्स काढून आणल्या. झेरॉक्सची काळी पावडर पाण्याला दाद देत नाही, हे बरं झालं. एका प्रतीवर सगळे खण भरले, तर जत्रेतल्या पाळण्यासारखं झालं, नजर ठरेना. दुसरीवर फक्त पिवळा, केशरी, तपकिरी, तेही रंगीत पेन्सिलीनं. आधी सगळीकडे हलका पिवळा. जाळीची पट्टी जिथं दुसऱ्या पट्टीखाली जाते, तिथं केशरी, आणि अगदी कोपऱ्यात तपकिरी. पट्टीचा मधला फुगवटा कोराच ठेवला. लगेच वर उठून आली. सावलीसाठी काळी पेन्सिल घेऊ नको, पिवळ्यावर ती मळकट दिसते. आणि पहिल्याच हाताला दाबू नको. कागद गुळगुळीत झाला की वरचा रंग धरत नाही.

तूच सांगितलं होतं, अमेरिकेतल्या त्या जोडप्यानं, रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमसनं, साडेतीन इंची चौकोनी कागदावर ही झेंटँगलची रीत बसवली आणि त्यात खोडरबर ठेवलाच नाही. म्हणे चूक झाली तर तिचीच पुढं नक्षी करायची. माझ्या चिखलाची काय नक्षी होते ते तूच बघ. पान फाडलेलं नाही.

चारही झेरॉक्स सोबत पाठवतो, दोन कोऱ्या आहेत. वही ठेवून घेतली. पोळ्याला येशील तेव्हा ने. एका नंदीची झूल पांढरीच सोडली आहे, तिच्यावर तुझी ती जाळी पाहिजे. माझा हात आता बारीक रेघेला हलतो.

तुझा,
बाबा