मालू, तात्यांचं निनादला सांगू का?

दांडिया बाजार, वडोदरा

प्रिय मालू,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. माझी साखर आटोक्यात, ह्यांचं बीपी गोळीवर. पण हे फोनवर बोलण्यासारखं नाही, आमच्या घरात एका खोलीतलं बोलणं चारही खोल्यांत ऐकू जातं. आणि तात्यांचं आणि करजणच्या शेताचं माहीत असलेलं तुझ्या-माझ्याशिवाय आता कोण उरलंय?

निनादला मकरपुऱ्याची नोकरी सोडायची आहे. पत्ते खेळायला. पोकर.

जेवता जेवता सांगितलं त्याने. हे ताटावरून उठले. मी कढी वाढत राहिले, कारण मला एकदम तात्याच दिसले, सातम-आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या रात्री लेंग्याच्या खिशात नोटा कोंबून निघालेले.

तो दोन-तीन वर्षं ऑनलाइन खेळत होता हे मला ठाऊक होतं. गाडीचे हप्ते त्यातूनच फेडले. मग ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैशाचे ऑनलाइन खेळ बंद पडले. मी मनात म्हटलं, सुटलो. आपल्या गुजरातेत तर २०१७ मध्येच हायकोर्टाने पोकर हा नशिबाचा खेळ, म्हणजे जुगारच, असं म्हटलंय, त्यामुळे इथे तर प्रश्नच नाही. पण पोराला गोव्याला जायचंय. मांडवीत तरंगत्या कॅसिनोवर. (आपली चार दरवाजांची मांडवी नव्हे गं, नदी! तुझा भूगोल मला माहीत आहे.)

मग मी ठरवलं की ओरडायच्या आधी हे काय आहे ते बघायचं. आता रात्री जेवणं आटोपली की मी आणि तो ती मालिका बघतो, वर्ल्ड पोकर टूर. आणि मालू, तुला खरं सांगते, मला ती आवडायला लागली आहे. गणित शिकवण्यात जन्म गेला माझा, मला आवडणारच.

स्टीव्ह लिप्सकॉम्ब म्हणून माहितीपट करणारा एक माणूस, त्याने २००२ मध्ये ही सुरू केली. पहिली स्पर्धा लास व्हेगासच्या बेलाजिओ कॅसिनोत झाली आणि गस हॅन्सन नावाच्या डॅनिश खेळाडूने जिंकली. पॅरिस, अरुबा, कोस्टा रिका अशी पहिल्याच वर्षी फिरली, म्हणून टूर. मार्च २००३ पासून ट्रॅव्हल चॅनेलवर दिसायला लागली आणि लोक वेडे झाले. २०१७ मध्ये गोव्यालाही येऊन गेली, तेच निनादच्या डोक्यात आहे. त्याच वर्षी कॅनडात एमा झायमोविचने टूरची एक मुख्य स्पर्धा जिंकली, तिथपर्यंत अशी सगळ्यांना खुली असलेली मुख्य स्पर्धा एकाही बाईने जिंकलेली नव्हती. तो भाग मी परत लावायला सांगितला.

लोक वेडे का झाले, तर कॅमेऱ्यामुळे. पोकर टीव्हीवर आधीही दाखवायचे, पण पानं उपडी. कोण थापा मारतंय हे प्रेक्षकाला कळणार कसं? हेन्री ओरेनस्टीन नावाचा पोलंडचा ज्यू, नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेला, पुढे अमेरिकेत खेळणी बनवून मोठा झालेला, त्याने खेळाडूची झाकलेली पानं फक्त प्रेक्षकाला दिसतील अशा कॅमेऱ्याचं पेटंट १९९५ मध्ये घेतलं. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये टेबलाला काचा बसवून खालून पानं दाखवली. आणि या मालिकेने प्रत्येकाच्या पुढ्यात कॅमेरा ठेवून शेजारी टक्केही दाखवले, याची जिंकायची शक्यता ७२, त्याची २८.

म्हणजे अख्ख्या दुनियेला तुझी जागा मिळाली बघ. माजघरातल्या कपाटाच्या आरशासमोरची! माझी पानं तुला आरशात दिसायची म्हणून मी रमीत हरायचे, हे मी आजही म्हणते. तू आजही नाही म्हणतेस. आता आपण आजी होण्याच्या वयाच्या, तू तर झालीसही, आता तरी कबूल कर.

पण माझ्या काळजीचं मूळ त्या आरशातच आहे. परवा मी निनादची परीक्षा घेतली. दोन पानं तुझ्या हातात, दोन्ही बदाम. मधे तीन उघडली, त्यात दोन बदाम. अजून दोन यायची आहेत. पाच पानं एकाच रंगाची झाली की हात भारी. पाचवा बदाम यायची शक्यता किती? "पस्तीस टक्के," वरण कालवता कालवता म्हणाला. मी गॅसच्या बिलामागे मांडलं. न दिसलेली पानं ४७, त्यांत बदाम ९. दोन्ही वेळा न येण्याची शक्यता ३८ भागिले ४७ गुणिले ३७ भागिले ४६, म्हणजे ६५ टक्के. बरोबर पस्तीस! मला इतका अभिमान वाटला की मी त्याला आणखी तूप वाढलं.

मग मी त्याला विचारलं, टीव्हीवर अशाच डावात वेगळे टक्के का दिसतात? तर कॅमेऱ्याने समोरच्याचीही पानं पाहिलेली असतात. त्याच्या हातात दोन बदाम असले की तुझे नवाचे सात झाले. टेबलावर बसलेल्याला ते कळत नाही. आणि कंटाळवाणे डाव तर कापलेलेच असतात. शेकडो लोक दिवसचे दिवस बसून पानं टाकून देतात, आणि आपल्याला शेवटच्या टेबलावरचे सहाजण दिसतात. दोघं उरले की नोटांची थप्पी आणून टेबलावर ठेवतात. ते बघून कुठल्याही पोराला वाटणार, मी असतो तर ओळखलं असतं. निनाद ऐकून गप्प बसला. रागावला नाही, विचार करत होता.

तो उलट मला २००३ ची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर सांगतो. ती वेगळी स्पर्धा, जुनी, १९७० पासूनची. त्यात टेनेसीचा एक अकाउंटंट, आडनाव खरंच मनीमेकर, ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून आत शिरला आणि २५ लाख डॉलर घेऊन गेला. मी म्हटलं, अरे, ८३९ जण बसले होते. बाकीच्या ८३८ जणांच्या आयांना विचार.

आता खरं ते ऐक. निनाद म्हणतो, आई, हे तीन पत्तीसारखं नाही. प्रवेश फी भरायची, तेवढीच जाऊ शकते. टोकनांना बाहेर किंमत नाही, संपली की उठायचं, घरी यायचं. ब्लाइंड, म्हणजे पानं बघायच्या आधीच टाकावी लागणारी टोकनं, घड्याळाप्रमाणे वाढत जातात, त्यामुळे नुसतं बसून राहताही येत नाही, खेळ संपतोच. हे मला पटलं, मालू. तात्यांच्या फडाला शेवट नव्हता. तिथे उठा म्हणणारं कुणी नव्हतं, म्हणून शेत गेलं. ज्या खेळाला दार आहे, त्याची मला एवढी भीती वाटत नाही.

पण मग मी खोदून विचारलं. सुरुवातीला तसंच होतं म्हणे, एकदा बाद तो बाद. आता बऱ्याच स्पर्धांत री-एन्ट्री असते. पुन्हा फी भरा, पुन्हा बसा. डिसेंबर २०२२ ला लास व्हेगासच्या विन कॅसिनोत वर्ल्ड पोकर टूरची विश्वविजेतेपदाची स्पर्धा झाली, फी १०,४०० डॉलर, आकडा २,९६०. मी विचारलं, एवढी माणसं? तर म्हणाला, माणसं नाही, एन्ट्र्या. एकाच्या दोन-तीनही असू शकतात.

मला घाम फुटला. "आता एकच डाव, सुमे, आणि उठतोच," हे तात्या मला उंबऱ्यात उभे राहून म्हणाले होते, आणि तू माझ्या मागे उभी होतीस.

आईने मरताना माझ्याकडून वचन घेतलं की शेताचं पोरांना सांगायचं नाही. निनादला आजोबा म्हणजे सुरसागरवर बोट धरून फिरवणारे, सेव-उसळ खाऊ घालणारे, एवढेच माहीत. सांगितलं तर वचन मोडतं, आणि तो म्हणेल मी आजोबांसारखा नाही. ते खरंही असेल, तो पै न पै वहीत लिहितो. नाही सांगितलं तर मी त्याला री-एन्ट्रीला का नाही म्हणते हे त्याला कधीच कळणार नाही. मी एवढंच बोलले आहे की नोकरीतून वर्षभर बिनपगारी रजा मागून बघ, आणि एकदा बाद झालास की त्या स्पर्धेत परत बसायचं नाही. पहिलं मान्य. दुसऱ्यावर म्हणाला, "का पण?"

तुझं काय चाललंय? नातीचं बारसं झालं का, नाव काय ठेवलं? गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू नकोस. वन्संचा मुलगा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर लिलो चिवडा पाठवते, नातीच्या आईला जास्त देऊ नकोस.

निनाद महिनाअखेर कंपनीत रजेचं बोलणार आहे, त्याआधी मला ठरवायचंय. फोन करू नकोस. सांगू की नको, एवढं एका शब्दात व्हॉट्सॲपवर लिही. आणि सांग म्हणालीस, तर त्या दिवशी तू इथे असायला हवीस. उंबऱ्यात आपण दोघी होतो, माझ्या एकटीच्या तोंडून त्याला ते खरं वाटणार नाही.

तुझी,
सुमी