टायटॅनियम कवचाला विमानाचे निकष नकोत : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

चिलखती वाहनांना टायटॅनियमचे कवच देण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा किमतीपाशी येऊन अडते. या किमतीचा मोठा भाग निविदेतल्या अटींमुळे वाढतो, आणि त्या अटी बदलणे आपल्या हाती आहे, म्हणून हे पत्र.

पोलादाची घनता घनसेंटिमीटरला सुमारे 7.85 ग्रॅम, तर 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असलेल्या प्रचलित टायटॅनियम मिश्रधातूची 4.43 ग्रॅम आहे. त्यामुळे प्लेट थोडी जाड घ्यावी लागली, तरी तेवढ्याच संरक्षणासाठी वजन साधारण एक तृतीयांशाने घटते. हलक्या पुलांवरून जाणे, विमानातून नेणे, पोटाखाली सुरुंगरोधक प्लेट वाढवणे हे सारे या वाचलेल्या वजनावर अवलंबून असते. अमेरिकेने ब्रॅडली या आपल्या चिलखती वाहनाच्या कमांडरचे हॅच टायटॅनियमचे केले, आणि जे झाकण सैनिकाला संकटात हातानेच उघडावे लागते, तिथे हलकेपणाचे मोल वेगळे सांगायला नको. संपूर्ण सांगाडा टायटॅनियमचा करा, असा माझा आग्रह नाही; हॅच, छताच्या प्लेटा आणि वरून जोडायचे कवच यांपासून सुरुवात व्हावी.

विमानाच्या इंजिनातली चकती अतिवेगाने फिरते आणि तिच्यातला सूक्ष्म दोषही घातक ठरतो, म्हणून तिचा धातू निर्वात भट्टीत दोन-तीनदा वितळवला जातो. कवचाच्या प्लेटवर तसा ताण येत नाही. इलेक्ट्रॉन झोताच्या भट्टीत, भंगार मिसळून, एकदाच वितळवलेला धातू इथे पुरेसा ठरू शकतो. अमेरिकेच्या लष्करी मानकात 0.30 टक्क्यांपर्यंत, म्हणजे विमानाच्या दर्जाहून जास्त, ऑक्सिजन असलेल्या कवचधातूलाही स्थान आहे. मग विमानाचाच दर्जा मागून दुप्पट-तिप्पट वितळवण्याचा खर्च का सोसावा?

जोडकामात मात्र तसूभरही सूट नको. तापलेले टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून वेल्डिंग करताना सांध्याला पुढून-मागून आर्गॉनचे आवरण लागते. सांधा रुपेरी दिसला तर ठीक. निळा किंवा भुरकट पांढरा दिसला, तर तो कापून पुन्हा करावा. शिवाय माऱ्याने प्लेटच्या आतल्या बाजूचे तुकडे उडू शकतात, त्यामुळे आत तंतुमय अस्तर अनिवार्य असावे.

कवचाच्या टायटॅनियमसाठी स्वतंत्र मानक तयार करण्याचा आदेश आपण द्यावा आणि गोळीबार चाचणी सुट्या प्लेटांबरोबरच वेल्ड केलेल्या सांध्यांवरही बंधनकारक करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक धातुअभियंता